कोळ्याचे दोन राखीव पाय

तीर्थरूप मामांना,

मोठ्या भाच्याचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकलो की पाठीत उसण भरते, पण तुम्हाला उभ्याने नमस्कार करण्याइतका मी अजून सुधारलेलो नाही.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याबद्दल मामींनी फोनवर काही तक्रार केली नाही, त्यावरून तो बरा असावा. मामींचा रक्तदाब, तुमचा सकाळचा फेरफटका आणि शेजाऱ्यांशी चाललेले कुंपणाचे भांडण, सगळे आपापल्या गतीने चालू असेल. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. म्हणजे माझी चौकशी चालू आहे, माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांचा निकाल अडकला आहे आणि शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. पण प्रकृती म्हणाल तर घरात साधी सर्दीसुद्धा नाही.

हे सगळे फोनवर सांगता आले असते. पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणता, आणि या प्रकरणात मुद्द्यावर येण्याआधी मेंदूवर यावे लागते. म्हणून कागद घेऊन बसलो आहे. कागदाला मधे बोलता येत नाही.

तर गेल्या सहामाहीत आमच्या शाळेत मेंदू आला. पूर्वी नव्हता असे नव्हे, पण त्याची दखल कोणी घेत नव्हते. वरून पत्रक आले की यापुढे शिकवणे मुलांच्या मेंदूच्या कलाने व्हावे आणि त्यासाठी प्रत्येक शाळेने एक शिक्षक प्रशिक्षणाला पाठवावा. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी माझी निवड केली. भूगोलाच्या सरांचा दात दुखत होता, चित्रकलेच्या बाईंनी पत्रक यायच्या आधीच रजा टाकली होती (त्यांना असल्या गोष्टींचा वास लागतो), आणि मी विज्ञान शिकवतो. तेव्हा मेंदू माझ्याच विषयात येतो असे ठरले. वास्तविक आमच्या पाठ्यपुस्तकात मेंदूला अर्धे पान आहे आणि बेडकाला साडेतीन. पण असो.

प्रशिक्षण एका मोठ्या दालनात होते. प्रशिक्षणाच्या बाई तरुण, हुशार आणि बोलायला इतक्या चपळ की त्यांचे एक वाक्य टिपून होईपर्यंत तीन निसटत. त्यांनी मेंदूची एक प्लास्टिकची प्रतिकृती आणली होती. तिचे भाग सुटे होत. ती हातोहात फिरवली गेली आणि सगळ्यांची बघून झाली, तेव्हा पुढच्यांनी मेंदू घाईने जोडून परत दिला. लहान मेंदू मात्र माझ्या मांडीवर राहिला. आता विचार करा, मामा. शंभरेक शिक्षक गंभीर चेहऱ्याने लिहून घेत आहेत आणि आपल्या मांडीवर मेंदूचा मागचा भाग. उठून द्यावा तर व्याख्यानात व्यत्यय, खाली ठेवावा तर कोणाच्या तरी पायाखाली जाणार. हा पेच सोडवण्यात माझी काही मिनिटे गेली आणि शेवटी मी तो पिशवीत टाकला. या काही मिनिटांत बाई काय बोलल्या ते मला ऐकू आले नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण चाळीस मुलांचे भवितव्य त्याच काही मिनिटांत अडकलेले आहे.

(लहान मेंदू अजून आमच्याकडेच आहे. घरी आल्यावर हिने पिशवीतून भाजी काढायला हात घातला आणि तोच निघाला. हिने तो उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "शेवटी बाहेरून आणावा लागला ना!" तुमच्या भाचेसुनेचा स्वभाव तुम्हाला माहीत आहेच.)

बाकी सारे मी मन लावून ऐकले, आणि मामा, खोटे कशाला बोलू, मी भारावून गेलो. इतकी वर्षे मी खडू झिजवला, घसा फोडला, आणि मुलांनी ते सगळे एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिले. मला वाटायचे दोष मुलांचा. बाईंनी सांगितले की मेंदूला नुसते सांगून काही उपयोग नाही, त्याला विचारत राहावे लागते. पुस्तक मिटून आठवायला लावले की गोष्ट पक्की होते. एकदा विचारले की थोडे दिवस जाऊ द्यावेत, थोडे विसरू द्यावे, मग पुन्हा विचारावे. मधे झोप चांगली व्हावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, मेंदूला धक्का बसला पाहिजे. वाटले एक आणि निघाले दुसरे, असे झाले की मेंदू खडबडून जागा होतो आणि ते दुसरे जन्मात विसरत नाही. चूक ही शिकण्याची पहिली पायरी आहे, असे बाई म्हणाल्या. नेमका इथेच लहान मेंदू माझ्या मांडीवर आला.

त्या पुढे काय म्हणाल्या ते मी आता त्यांच्या पुस्तिकेत वाचले आहे. त्या म्हणाल्या, चूक मुलाची स्वतःची असावी, शिक्षकाने पुरवलेली नसावी. आणि ती तिथल्या तिथे दुरुस्त करावी, नाहीतर मेंदू चूकच जपून ठेवतो. हे ठळक अक्षरात छापले आहे. मी पुस्तिका चौकशी लागल्यावर उघडली.

परत आलो तो अंगात वारे शिरल्यासारखा. प्रथम मुलांची पाठ्यपुस्तके गोळा करून वर्गातल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केली, म्हणजे आयते उत्तर कोणाच्या हाती लागायला नको. (पालक खूश झाले. दप्तर हलके झाले याशिवाय त्यांनी काही विचारले नाही.) शनिवारी शेवटचा तास "आठवण तास" म्हणून ठरवला. त्यात मुलांनी जोड्या करून एकमेकांना मागचे प्रश्न विचारायचे आणि शिक्षकाने मधे पडायचे नाही. मी कोपऱ्यात बसून वह्या तपासत असे आणि वर्ग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमत असे. मुख्याध्यापिका बाई खिडकीतून बघून मान हलवत जात. इतकी वर्षे त्या दुसरीकडे बघत जात असत.

राहता राहिला धक्का. आमच्या वर्गात फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक कोळी होता. चांगला पोसलेला, बऱ्याच वर्षांचा, कायम नेमणुकीवर असल्यासारखा. धडाही कोळ्याचाच आला होता. म्हटले, हीच संधी. मी वर्गाला सांगितले की कोळ्याला दहा पाय असतात. आठ चालण्याचे आणि दोन राखीव. हे राखीव पाय तो पोटाखाली दुमडून ठेवतो, आणि गाडीचे चाक बसले की आपण जसे मागचे जादा चाक काढतो तसे तो पाय मोडला की एक बाहेर काढतो. मामा, मी असा कधी रंगलो नव्हतो. मी टेबलाला टेकून एक पाय दुमडून दाखवला. शेवटच्या बाकावरची मुले उभी राहून बघत होती. एका मुलीने विचारले, "सर, राखीव पण मोडले तर?" क्षणाचाही विलंब न लावता मी सांगितले की मग कोळी बैठे काम बघतो, आणि म्हणूनच जुने कोळी जाळ्याच्या मध्यभागी बसून असतात. सबंध वर्गाने एका सुरात "हां!" केले. शिक्षकाच्या आयुष्यात असा "हां" फार थोड्या वेळा येतो. मला तर तो पहिल्यांदाच आला.

बेत असा होता की दोन रात्रींची झोप होऊ द्यायची, मग तिसऱ्या दिवशी मुलांना भिंतीवरच्या कोळ्याचे पाय मोजायला लावायचे. आठच भरले की सगळ्यांना धक्का, आणि आठ हा आकडा मेंदूत कायमचा कोरला जाणार. पण तिसऱ्या दिवशी दुसरे पत्रक आले की मेंदूला हालचाल लागते, सबब विज्ञानाचा तास मैदानावर उड्या मारण्यात घालवावा. आम्ही उड्या मारल्या. पुढच्या तासाला तिसरे पत्रक आले की मेंदूला शांतताही लागते. आम्ही डोळे मिटून बसलो. (भूगोलाचे सर घोरले, तरी त्यांच्या नावाला नोंद "उत्तम" अशी झाली.) त्यानंतर तपासणी आहे म्हणून शिपायाने लांब झाडू घेऊन सगळ्या वर्गांची जळमटे काढली आणि त्यात माझा पुरावाही गेला. आणि मग, मामा, मी विसरलो. थोडे विसरणे हा शिकण्याचाच भाग आहे, तेवढा भाग मी पूर्ण केला असे म्हणता येईल.

मुले मात्र विसरली नाहीत. दर शनिवारी माझ्या डोळ्यांदेखत, मी वह्या तपासत असताना, ती एकमेकांना विचारत होती की कोळ्याला पाय किती, राखीव किती, आणि राखीव मोडल्यावर तो काय करतो.

यथावकाश बाहेरची परीक्षा झाली. वरच्या शाळेतला प्रवेश या परीक्षेवर असतो आणि तो महिनाअखेर बंद होतो. प्रश्नपत्रिकेत कोळ्याच्या शरीररचनेवर एक प्रश्न होता. माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांनी लिहिले की कोळ्याला दहा पाय असतात, त्यांपैकी आठ चालण्यासाठी व दोन राखीव असतात, आणि राखीव पाय संपल्यावर कोळी बैठे काम पाहतो. चाळीसच्या चाळीस उत्तरपत्रिकांत. शुद्धलेखन प्रत्येकाचे वेगळे, पण मजकूर एकच. परीक्षकाने काय करायचे? त्याने सामूहिक नक्कल असा शेरा मारून गठ्ठा परत पाठवला आणि निकाल थांबला.

वर्गात मुले एकेचाळीस. एकेचाळिसावी आपली मौनी. (तीन वर्षांची होईपर्यंत बोलली नाही म्हणून तुम्हीच हे नाव ठेवलेत. पुढे बोलायला लागली, पण काटकसरीने.) तिने लिहिले होते: आठ. आता तुमच्यासारख्या वजनमाप खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला सांगायला नको की हे पारडे कुठे झुकते. सबंध वर्ग चुकला आणि मास्तरांच्या मुलीचे तेवढे बरोबर आले! शिक्षकांच्या खोलीत मी शिरलो की चहाचे पेले एकदम तोंडाला लागू लागले. घरीही मी तिला विचारले नाही. खरे म्हणजे धीर झाला नाही. मी वर्गात जीव तोडून शिकवत असतो आणि ही खिडकीशी बसून वहीच्या कडेला काहीतरी रेघोट्या काढत असते, हे मी वर्षभर पाहत होतो. तिने माझे ऐकले नाही म्हणून तिचे बरोबर आले, हे मला उत्तरपत्रिका न बघताच कळले होते. बापाला असे कळलेले पुन्हा विचारून घेण्याची हौस नसते.

चौकशीला तीन जणांची समिती आली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, उरलेले दोघे निवृत्त शिक्षक. मी पहिल्याच झटक्याला सांगून टाकले की मुले निर्दोष आहेत, दहा पाय मी शिकवले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग अगदी मायेने म्हणाले, "सर, मुलांना पाठीशी घालताय, समजू शकतो. पण मी आयुष्यभर शिकवलंय. शिकवलेलं आख्ख्या वर्गाला आठवतं, असं कधी होतं का?" त्यांनी उरलेल्या दोघांकडे पाहिले. दोघांनी फार दुःखाने माना हलवल्या. मी पुस्तिका पुढे केली, आठवण तास समजावला, झोपेचे महत्त्व सांगितले. अध्यक्षांनी पुस्तिकेचे मागचे पान बघून ती मुख्याध्यापिका बाईंकडे सरकवली. समितीला नक्कल पटत होती, कारण ती त्यांनी पाहिली होती. मुलांनी लक्षात ठेवलेले त्यांनी पाहिले नव्हते.

मग त्यांनी एकेका मुलाला आत बोलावले. आता माझा शहाणपणा ऐका. निकाल अडकल्याची बातमी आली त्याच दिवशी घाबरून मी वर्गाला खरे ते सांगितले होते, आणि या खेपेला तिथल्या तिथे चार वेळा विचारूनही घेतले होते. तेव्हा समितीने विचारताच प्रत्येक मुलाने ठणकावून सांगितले की आठ. अध्यक्ष म्हणाले, बरोबर उत्तर येतंय, मग परीक्षेत चाळीस जणांनी दहा कुठून आणले? बघून. एवढ्यावर थांबते तरी बरे होते. पुढे प्रत्येकाला विचारले की तुमच्या सरांनी वर्गात किती सांगितले होते. पहिला मुलगा म्हणाला, "आठच." दुसरी मुलगी म्हणाली, "आठच सांगितले, सर कधी चुकत नाहीत." चाळीसही मुलांनी हेच सांगितले. सरांची नोकरी जाईल अशी कुणकुण त्यांना लागली होती आणि मधल्या सुट्टीत त्यांनी आपापसांत ठरवले होते.

मी दाराबाहेर बाकावर बसून ऐकत होतो. मामा, माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी प्रत्येकाचा कान पिरगाळावासाही वाटला. मी त्यांना वाचवायला खरे बोलत होतो, ती मला वाचवायला खोटे बोलत होती, आणि आमच्या या प्रेमात महिनाअखेर जवळ येत होती. त्यांतल्या कितीतरी मुलांच्या घरात वरच्या शाळेची पायरी पहिल्यांदाच कोणी चढणार आहे. एक आई रोज फाटकाशी उभी राहते. काही म्हणत नाही, नुसती विचारते, "आज काही कळलं का, सर?" मी नाही म्हणतो. दहा पाय रंगवून सांगताना माझ्या डोळ्यांपुढे ही बाई आली असती तर जीभ चावली असती, एवढेच म्हणतो.

असे आहे. बाकी विशेष काही नाही. मामींना नमस्कार, कुंपणाच्या बाबतीत माघार घेऊ नये. पावसापाण्याचे बघून कधीतरी इकडे यावे.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. एक बारीकसे काम होते. समिती येत्या आठवड्यात पुन्हा बसणार आहे. उठताना अध्यक्ष मला म्हणाले, "इतका वेडेपणा तुमच्यासारख्या सुशिक्षित माणसाच्या हातून होऊ शकतो, हे तुम्हाला लहानपणापासून ओळखणारा एखादा प्रतिष्ठित माणूस लिहून देईल, तर विचार करू." मला वाटले, घोडे गंगेत न्हाले! असा माणूस मिळायला काय अडचण? आमच्या सासऱ्यांनी तर हे मत चारचौघांत कितीदा मांडले आहे. त्यांच्याकडे कागद घेऊन गेलो तर म्हणाले, "छे छे, जावईबापू, तुमच्या हुशारीबद्दल शंका घेणारा मी कोण?" थोरल्या बहिणीने लिहायला घेतले आणि रडायला लागली. हिची तयारी आहे, दोन्ही बाजूंनी लिहीन म्हणते, पण बायकोची साक्ष चालत नाही. जन्मभर तोंडावर सांगितलेले एक वाक्य कागदावर उतरवायला माणसे लाजतात. राहता राहिलात तुम्ही. तुमची सही सरकारी, आणि तुम्ही तोललेल्या मालात कोणी कधी खोट काढली नाही. सोयीसाठी मसुदा खाली देतो, त्यात वाटल्यास भर घालावी, वजा करू नये:

"दाखला देण्यात येतो की सदर इसम माझा सख्खा भाचा असून मी त्याला जन्मापासून ओळखतो. तो नऊ वर्षांचा असताना मी त्याला शिडी घट्ट धरून ठेवण्यास सांगितले होते. मी शिडीवरून पडून माझा हात मोडला तेव्हाही त्याने शिडी सोडली नव्हती व ती तो मोठी माणसे धावून येईपर्यंत अभिमानाने धरून होता. दिलेले काम मन लावून चुकीचे करण्याची त्याची ही पद्धत आजतागायत कायम आहे. सबब त्याने कोळ्यास दहा पाय शिकवले असल्यास मला आश्चर्य वाटणार नाही."

खाली सही आणि जुना शिक्का.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवले होते ते पुन्हा फोडले आहे, म्हणून कडेला फाटले. समिती आठवडाभर थांबली नाही, आजच अवचित आली. मी सातवीवर तास घेत होतो. मौनीला कोणी बोलावले नव्हते (नात्यातली म्हणून तिची साक्ष घ्यायची नाही असे ठरले होते), पण ती आपण होऊन दार ढकलून आत गेली. पुढचे मला मुख्याध्यापिका बाईंनी सांगितले. ती उभ्या उभ्या म्हणाली, "बाबांनी वर्गात दहाच पाय सांगितले होते. दोन राखीव. सगळ्यांनी ऐकलं म्हणून सगळ्यांचं चुकलं. मी बाबांचं ऐकत नाही, म्हणून माझं बरोबर आलं." बस, एवढेच.

मामा, चाळीस मुले आणि एक मास्तर डोके आपटून थकले तरी जे पटले नव्हते ते समितीला तत्क्षणी पटले. मुलगी बापाचे ऐकत नाही, यावर तिघांपैकी एकानेही पुरावा मागितला नाही. अध्यक्ष म्हणाले म्हणे की आमच्याकडे चिरंजीव आहेत, तेच. उरलेल्या दोघांनीही आपापल्या घरची उदाहरणे दिली. चहा झाला. नकलेचा शेरा निघाला, त्या एका प्रश्नाचे गुण सगळ्यांचे जातील, बाकी निकाल उद्या लागेल. मला लेखी समज मिळाली आहे आणि ती मी आनंदाने घेतली. फाटकावरच्या त्या आईला मी सांगितले तेव्हा तिने माझ्याकडे बघून नुसते हात जोडले. तिला या सगळ्यातले कोळी, पाय काहीही माहीत नाही, आणि मला मान वर करून बघवले नाही.

तेव्हा दाखला पाठवण्याचे आता कारण उरले नाही. तयार केला असल्यास ही म्हणते पाठवाच, भिंतीवर जागा आहे.

ता. क. तिसरा, आणि हा फक्त तुमच्यासाठी. मामींनाही वाचून दाखवू नये.

संध्याकाळी मौनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून पाणी पीत होती. मी म्हटले, माझ्यासाठी एवढे केलेस, पण तू माझे कधीच ऐकत नाहीस हे चार लोकांत सांगायला तुला काही वाटले नाही का? तिने पेला खाली ठेवला. म्हणाली, "ऐकते की. त्या दिवशीपण ऐकत होते. दहा म्हणालात तेव्हा मला धक्काच बसला. म्हणून घरी येऊन तुमच्या टेबलावरचं पुस्तक काढून बघितलं."

म्हणजे मामा, माझा प्रयोग अख्ख्या वर्गात एकीवर जसा व्हायला हवा होता तस्सा झाला. मी विचारले, मग मला का नाही सांगितलेस? तर म्हणाली, "सांगणार होते. पण तुम्ही इतके खुशीत होतात. तसे कधी नसता." आणि समितीला तसे का सांगितलेस? "मी ऐकते असं सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं."

वहीच्या कडेच्या त्या रेघोट्या तिने मला दाखवल्या. ते मी बोललेले होते, बारीक अक्षरात, वर्षभराचे.

तर माझी खरी विनंती आता ही. समितीच्या दप्तरात आमची मुलगी बापाचे अजिबात ऐकत नाही अशी नोंद आहे आणि चाळीस मुलांचा प्रवेश त्या नोंदीवर उभा आहे. तेव्हा इकडे आलात आणि शाळेतले कोणी समोर असले, तर तुम्हीही हटकून म्हणावे की ही पोरगी बापाला मुळीच जुमानत नाही. जोरात म्हणावे, फाटकापर्यंत ऐकू जाईल इतके. मी मान खाली घालून बसेन. तुम्ही माझ्या तोंडाकडे मात्र बघू नका, मामा, कारण हसू दाबणे मला कधीच जमलेले नाही.